जुन्या मोटारीचे दान : व्यवहार, कायदा आणि सचोटी

वसई, मुंबई, पुणे, नाशिक या भागांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांतील मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथे गेल्यावर त्यांना एका गोष्टीचे नवल वाटते. रेडिओवर, रस्त्याकडेच्या फलकांवर, इतकेच नव्हे तर चर्चच्या साप्ताहिक पत्रकातही 'तुमची जुनी मोटार आम्हांला दान करा' असे आवाहन असते. मोटार चालत नसली तरी चालेल, आम्ही ती फुकट ओढून नेऊ आणि तुम्हांला करात सवलतही मिळेल, असे त्यात म्हटलेले असते. हा प्रकार नेमका काय आहे? मोटार जाते कोठे? तिचे पैसे गरिबांपर्यंत पोहोचतात का? आणि असे दान आपल्याकडे करावयाचे झाल्यास काय करावे लागेल? या प्रश्नांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

वस्तूचे दान आणि पैशाचे दान

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भुकेल्याला भाकरी दिली की ती लगेच त्याच्या पोटात जाते. मोटारीचे तसे नाही. ती गरिबाच्या उपयोगी पडावयाची तर तीन मार्ग संभवतात. एक, ती विकून पैसा उभा करणे. दोन, संस्थेने आपल्या सेवाकार्यात ती स्वतः वापरणे. तीन, दुरुस्त करून ती एखाद्या गरजू कुटुंबाच्या हाती देणे.

ख्रिस्तसभेच्या अलीकडच्या इतिहासातच या मार्गांची उत्तम उदाहरणे आहेत. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषद भरली होती. तिच्यासाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या वापरासाठी अमेरिकेतील श्रद्धावंतांकडून आलेली पांढरी लिंकन मोटार होती. परत जाताना पोपमहोदयांनी ती मदर तेरेसा यांना भेट दिली. मदरनी ती स्वतःसाठी ठेवली नाही. तिची सोडत काढून त्यांनी निधी उभारला आणि तो कुष्ठरुग्णांच्या शांतिनगर या वसाहतीसाठी वापरला. एवढी आलिशान गाडी कोलकात्याच्या गल्लीबोळांतून फिरवण्यात काही अर्थ नव्हता. तिचे रूपांतर पैशात आणि पैशाचे रूपांतर घरांत व औषधांत करणे, हेच तिचे खरे मोल होते.

पोप फ्रान्सिस यांनीही हाच कित्ता गिरवला. त्यांना भेट मिळालेल्या हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकलीचा फेब्रुवारी २०१४ मध्ये पॅरिस येथे लिलाव झाला व ती रक्कम रोममधील कारितास संस्थेच्या आश्रयगृहासाठी आणि अन्नछत्रासाठी देण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळालेली लॅम्बोर्गिनी मोटार मे २०१८ मध्ये ७,१५,००० युरोंना विकली गेली. तिच्या रकमेचा काही भाग इराकमधील निनवे मैदानी प्रदेशातील उद्ध्वस्त ख्रिस्ती गावांच्या पुनर्वसनासाठी होता. दुसऱ्या मार्गाचे उदाहरणही त्यांच्याच नावाशी निगडित आहे. २०१४ च्या बेथलेहेम भेटीत त्यांनी वापरलेल्या वाहनाचे गाझामधील मुलांसाठी फिरत्या दवाखान्यात रूपांतर करण्याचे काम कारितासने हाती घेतल्याचे मे २०२५ मध्ये जाहीर झाले. तेथे मोटार विकावयाची नव्हती, कारण प्रत्यक्ष मोटारीचीच गरज होती.

अमेरिकेत व्यवहार कसा चालतो

आपल्या घरची मोटार अर्थातच लॅम्बोर्गिनी नसते. ती बारा-पंधरा वर्षे वापरलेली आणि दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झालेली असते. दात्याने संस्थेला दूरध्वनी केला की त्याला गाडीची बनावट, वर्ष, ती किती मैल चालली आहे आणि सध्याची स्थिती काय, हे विचारले जाते. त्यानंतर टोइंगवाला येऊन गाडी घेऊन जातो. त्याचे शुल्क दात्याला द्यावे लागत नाही. दाता 'टायटल' म्हणजे गाडीचे मालकीपत्र सही करून देतो. मालक दोन असतील तर बहुधा दोघांच्याही सह्या लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो आधी फेडलेला असावा लागतो.

पुढचा टप्पा मात्र बहुतेक दात्यांना ठाऊक नसतो. संस्थेचा स्वतःचा गाड्यांचा तळ क्वचितच असतो. अनेक संस्था हे काम मध्यस्थ कंपनीवर सोपवतात. ही कंपनी जाहिरात करते, दूरध्वनी घेते, गाडी उचलते, लिलावात विकते आणि कागदपत्रे पूर्ण करते. चालू स्थितीतील गाड्या लिलावात वाहनविक्रेते घेतात. न चालणाऱ्या गाड्या सुटे भाग काढणाऱ्यांकडे अथवा भंगारात जातात. विक्रीच्या रकमेतून टोइंगचा, जाहिरातीचा व मध्यस्थाचा खर्च वजा होतो आणि उरलेला पैसा संस्थेला मिळतो. काही करारांत संस्थेला ठरावीक टक्केवारी मिळते, तर काहींत प्रत्येक गाडीमागे ठरलेली रक्कम.

हे ऐकून कोणी म्हणेल, 'मग ही फसवणूकच नव्हे काय?' तसे सरसकट म्हणता येणार नाही. ज्या गाडीला आपण स्वतः गिऱ्हाईक शोधू शकत नाही, तिच्यातून संस्थेला थोडीफार रक्कम मिळणे हे काहीच न मिळण्यापेक्षा बरे. तथापि, दात्याला जे दिले असे वाटते ते आणि गरिबाला जे पोहोचते ते यांत मोठी तफावत असू शकते, हे त्याला माहीत असले पाहिजे.

२००४ चा कायदा का आला?

ही तफावत एके काळी किती होती, हे अमेरिकन संसदेसाठी शासकीय कारभाराची तपासणी करणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २००३ च्या अहवालात दाखवून दिले. त्या काळी दाता आपल्या गाडीची बाजारभावाने होणारी किंमत स्वतःच ठरवून तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करून घेऊ शकत असे. अहवालासाठी ५४ गाड्यांचा मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. १९८३ सालचा एक ट्रक लिलावात ३७५ डॉलरना गेला. खर्च वजा जाता संस्थेला मिळाले साडेएकतीस डॉलर. दात्याने मात्र कराच्या विवरणपत्रात त्याची किंमत २,४०० डॉलर दाखवली होती.

याचा अर्थ असा की, दानाच्या नावाखाली सरकारी तिजोरीतून जेवढे गेले त्याच्या मानाने गरिबांना अत्यल्प मिळाले. तिजोरीतील पैसाही शेवटी जनतेचाच असतो. म्हणून २००४ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून नवा नियम लागू झाला. गाडीसाठी ५०० डॉलरपेक्षा अधिक वजावट मागावयाची असेल आणि संस्थेने ती गाडी तशीच विकली असेल, तर दात्याला विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या रकमेइतकीच वजावट मिळते. पुस्तकातील किंमत काहीही असो, लिलावात काय आले तेच प्रमाण. ही रक्कम खर्च वजा करण्यापूर्वीची धरली जाते. त्यामुळे दात्याच्या वजावटीचा आकडा आणि संस्थेला मिळालेला निव्वळ पैसा हे आजही एक नसतात.

या नियमाला तीन अपवाद आहेत. संस्थेने गाडी आपल्या कार्यासाठी लक्षणीय प्रमाणात वापरली, तिच्यात मोठी दुरुस्ती करून मोल वाढवले, किंवा आपल्या सेवाकार्याचा भाग म्हणून ती गरजू व्यक्तीला फुकट अथवा अगदी कमी किमतीत दिली, तर दात्याला गाडीच्या वाजवी बाजारभावाइतकी वजावट मागता येते. गाडी ५०० डॉलर किंवा त्याहून कमी किमतीत विकली गेल्यास ५०० डॉलर अथवा वाजवी बाजारभाव यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी वजावट मिळते.

कागदपत्रांबाबतही शिस्त आहे. ५०० डॉलरपेक्षा अधिक वजावटीसाठी संस्थेने '१०९८-सी' हा नमुना, किंवा तीच माहिती असलेली लेखी पोच, द्यावी लागते. गाडी विकली असल्यास विक्रीपासून ३० दिवसांत आणि वरील अपवादांपैकी एखादा लागू असल्यास दानापासून ३० दिवसांत ती दात्याला मिळावयास हवी. ती विवरणपत्रासोबत जोडावी लागते आणि दात्याला '८२८३' हा नमुनाही भरावा लागतो.

सवलत कोणाला मिळते, कोणाला नाही

'करात सवलत' या शब्दांनी पुष्कळांची दिशाभूल होते. वजावट म्हणजे तेवढी रक्कम हातात परत मिळणे नव्हे. तेवढ्या उत्पन्नावरचा कर तेवढा वाचतो. शिवाय अमेरिकेत प्रत्येक करदात्याला एक प्रमाणित वजावट मिळतेच. २०२५ या करवर्षासाठी ती एकट्या व्यक्तीस १५,७५० डॉलर आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यास ३१,५०० डॉलर होती. ज्याच्या घरकर्जाचे व्याज, स्थानिक कर, देणग्या इत्यादी मान्य बाबींची बेरीज यापेक्षा अधिक भरते, तोच त्या बाबी एकेक करून दाखवतो आणि त्यालाच मोटारदानाचा करलाभ मिळतो. बहुसंख्य करदाते प्रमाणित वजावटच घेतात. त्यांना मोटारदानाने करात एका डॉलरचाही फरक पडत नाही. २०२६ पासून अशा करदात्यांनाही देणगीची मर्यादित वजावट देणारी तरतूद लागू झाली आहे, पण ती पैशाच्या स्वरूपातील देणगीपुरती आहे. मोटार तिच्यात बसत नाही.

एक साधा हिशेब पाहू. समजा, एखाद्याच्या गाडीची किंमत पुस्तकात ४,००० डॉलर आहे आणि त्याला २२ टक्के दराने कर लागतो. तो बाबी एकेक करून दाखवणारा करदाता आहे. त्याने गाडी संस्थेला दिली आणि ती लिलावात ९०० डॉलरना गेली. त्याची वजावट ९०० डॉलर. कर वाचला जास्तीत जास्त १९८ डॉलर. संस्थेला खर्च वजा जाता ९०० पेक्षा बरेच कमी मिळाले. आता समजा, त्याने थोडे कष्ट घेऊन ती गाडी स्वतःच ३,००० डॉलरना विकली आणि सर्व रक्कम त्याच संस्थेला दिली. संस्थेला पूर्ण ३,००० डॉलर मिळाले आणि दात्याचा कर वाचला सुमारे ६६० डॉलर. दोघांचाही लाभ झाला. म्हणून गाडी चालू स्थितीत असेल आणि ती विकण्याची सवड असेल, तर स्वतः विकून पैसे देणे हाच गरिबांच्या अधिक हिताचा मार्ग होय. गाडी बंद पडलेली असेल, घरात कोणी वृद्ध एकटेच असतील किंवा देश सोडून जावयाचे असेल, तर मात्र संस्थेच्या हवाली करणे सोयीचे ठरते.

गाडी थेट गरजूच्या हाती

तिसरा मार्ग सर्वांत परिणामकारक आहे. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत बस वा रेल्वेची सोय नाही. मोटार नसेल तर नोकरी नाही आणि नोकरी नसेल तर मोटार नाही, अशा चक्रात गरीब माणूस अडकतो. व्हरमाँट राज्यात १९९६ मध्ये सुरू झालेली 'गुड न्यूज गॅरेज' आणि मेरिलँडमधील 'व्हेइकल्स फॉर चेंज' या संस्था दानात आलेल्या गाड्यांपैकी योग्य त्या निवडून, दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना देतात. मेरिलँडच्या संस्थेने तर तुरुंगातून सुटून आलेल्यांना गाड्या दुरुस्तीचे प्रशिक्षण देण्याचाही उपक्रम चालवला आहे. एका गाडीतून एका आईची नोकरी टिकते आणि एका तरुणाला हातचा धंदा मिळतो. आपल्या धर्मग्रामांत परिचित असलेल्या संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या अमेरिकेतील शाखाही मोटारी स्वीकारतात. बहुतेक गाड्या विकून येणारा पैसा त्या गरिबांच्या मदतीसाठी वापरतात.

दात्याने घ्यावयाची खबरदारी

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या आप्तांनी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. संस्था करविभागाच्या मान्य यादीत आहे का, हे विभागाच्या संकेतस्थळावर तपासावे. कॅथॉलिक धर्मग्रामाचे नाव तेथे स्वतंत्रपणे दिसले नाही म्हणून घाबरू नये. तेथील कॅथॉलिक संस्थांना १९४६ पासून सामूहिक मान्यता आहे आणि त्यांची नावे अधिकृत कॅथॉलिक निर्देशिकेत असतात.

२. गाडीचे काय होणार आणि विक्रीतील किती भाग संस्थेला मिळणार, हे स्पष्ट विचारावे. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

३. पैसा कोणत्या कार्यासाठी जातो ते पाहावे. जाहिरातीतील गोड गाण्यावरून वा मुलांच्या छायाचित्रावरून निष्कर्ष काढू नये.

४. मालकीपत्रावर घेणाऱ्याचे नाव कोरे सोडून सही करू नये. संस्थेचे वा तिच्या अधिकृत प्रतिनिधीचे नाव लिहूनच ते द्यावे.

५. गाडी दिल्याची सूचना राज्याच्या मोटार वाहन विभागाला द्यावी. कॅलिफोर्नियात ही सूचना पाच दिवसांत द्यावी लागते. नंबरप्लेटविषयीचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत, तेही पाहून घ्यावेत. मालकी बदलल्याची खात्री झाल्यावरच विमा बंद करावा.

६. गाडीतील कागदपत्रे, टोलचा पास आणि घराच्या चाव्या काढून घ्याव्यात.

चौथी व पाचवी खबरदारी सर्वांत महत्त्वाची आहे. मालकी कागदावर आपल्याच नावे राहिली तर पुढचे दंड आणि अपघाताची झळ आपल्या दारी येऊ शकते.

आपल्याकडे काय करावे?

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात मोटारदानाची अशी यंत्रणा रूढ नाही. तथापि, एखाद्या श्रद्धावंताला आपली गाडी अनाथालयाला, वृद्धाश्रमाला अथवा धर्मभगिनींच्या दवाखान्याला द्यावीशी वाटू शकते. ही इच्छा स्तुत्य आहे, पण पुढील गोष्टी जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्या प्राप्तिकर कायद्यात '८०-जी' या नावाने सर्वांना ठाऊक असलेली सवलत केवळ पैशाच्या देणगीला लागू आहे. वस्तूरूपाने दिलेल्या दानाला, मग ती मोटार असो वा धान्य, ही सवलत मिळत नाही. रोख रक्कमही २,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर सवलतीस पात्र ठरत नाही. ती धनादेशाने वा बँकेमार्फतच द्यावी लागते. शिवाय ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ही वजावट मुळीच मिळत नाही. सबब, करसवलत हवी असेल तर गाडी विकून धनादेश देणे हाच मार्ग आहे.

दुसरी गोष्ट मालकी हस्तांतराची. किल्ली आणि आरसी बुक हाती दिले म्हणजे दान पूर्ण झाले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो अत्यंत धोक्याचा आहे. आरटीओमध्ये २९ व ३० क्रमांकांचे नमुने भरून गाडी संस्थेच्या नावे झाली पाहिजे. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार असेल तर २८ क्रमांकाचा नमुना, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कर्ज फेडले असल्यास ३५ क्रमांकाच्या नमुन्याने बँकेचा बोजा उतरवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार राज्यातल्या राज्यात हस्तांतर झाल्यास मूळ मालकाने १४ दिवसांत ते कळवावयाचे असते. विमाही संस्थेच्या नावे करून घ्यावा लागतो.

हे न केल्यास काय होते? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताब्यात गेली असली तरी ज्याच्या नावावर तिची नोंदणी आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अनेकांच्या हाती गेली होती, तरीही भरपाई नोंदणीकृत मालकाच्या माथी आली. सत्कृत्य करावयास निघालेल्या माणसावर आयुष्यभराची पुंजी गमावण्याची वेळ यावी, हे कोणालाही नको असेल.

तिसरी गोष्ट संस्थेच्या अडचणीची. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी गाडीची पुनर्नोंदणी करावी लागते. चालक, इंधन, विमा, पीयूसी, दुरुस्ती हे सारे खर्च संस्थेवर पडतात. एखाद्या धर्मभगिनीला संकोचाने 'नको' म्हणता येत नाही आणि आश्रमाच्या आवारात गाडी गंजत पडते. म्हणून देण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, 'तुम्हांला या गाडीचा खरोखर उपयोग होईल का?' उत्तर नकारार्थी असेल तर वाईट वाटून घेऊ नये. जुनी, निकामी गाडी असेल तर सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात द्यावी, तेथून ठेव प्रमाणपत्र घ्यावे, गाडीची नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी आणि भंगाराचे पैसे संस्थेला द्यावेत.

संस्थेनेही आपली जबाबदारी ओळखावी. वाहन स्वीकारताना विश्वस्त मंडळाचा ठराव करावा, दात्याला लेखी पोच द्यावी, हस्तांतर आपण होऊन पूर्ण करून घ्यावे आणि गाडी विकली तर तिचे किती पैसे आले व ते कशावर खर्च झाले हे दात्याला कळवावे.

दानाचे मोल

मंदिरातील दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची कथा आपण सारे जाणतो. प्रभू येशूने तिच्या दानाचे मोल बाजारभावाने केले नाही. तिने आपल्या गरजेतून काय दिले, ते पाहिले. आपण मात्र पुष्कळदा जे आपल्याला नकोसे झाले आहे तेच देतो आणि त्याची किंमत फुगवून सांगतो. नकोशी वस्तू देण्यात पाप नाही, कारण एकाची अडगळ ही दुसऱ्याची गरज असू शकते. परंतु तिचे मोल खरे सांगावे, कागद चोख ठेवावेत आणि घेणाऱ्यावर ओझे पडणार नाही हे पाहावे. दया जितकी आवश्यक, तितकीच सचोटीही आवश्यक आहे. मोटार देण्यापूर्वी 'हिच्यातून मला किती वाचेल' हा प्रश्न जरूर विचारावा, पण त्याआधी 'हिच्यातून गरिबापर्यंत किती पोहोचेल' हा प्रश्न विचारावा. ज्या मार्गाने ते अधिक पोहोचेल, तो मार्ग निवडावा.